तगण्याचा अंक

घोड्याचा पाय मोडला की घोडा संपला, हे वाक्य हेमांगी रणपिसेनं पशुवैद्यक महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षाला असताना वर्गात ऐकलं. त्याचा अर्थ तिला कळला तो शर्यतीच्या मैदानावर. वळणावर एक तांबडी घोडी पडली, आणि मैदानावरची माणसं धावत जाऊन तिच्याभोवती हिरवी कनात धरून उभी राहिली. प्रेक्षकांना काही दिसू नये म्हणून. कनातीच्या आत होते हेमांगीचे शस्त्रक्रियेचे प्राध्यापक डॉ. वाळिंबे, आणि त्यांची बॅग धरून हेमांगी. घोडी तीन पायांवर उठली होती. चौथा पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला लोंबत होता, आणि तरीही तिला पळायचं होतं. वाळिंब्यांनी मानेतल्या शिरेत सुई दिली आणि ती खाली बसेपर्यंत तिच्याशी हळू आवाजात बोलत राहिले. कनातीपलीकडे पुढच्या शर्यतीची घोषणा चालली होती.

परतताना गाडीत हेमांगीनं विचारलं, "सर, माणसाचा पाय मोडला तर प्लास्टर आणि घोड्याचा मोडला तर सुई. असं का?"

"माणूस आडवा पडून राहू शकतो," वाळिंबे म्हणाले. "घोड्याला ते जमत नाही. पाचशे किलोचं धूड. दिवसरात्र आडवं ठेवलं तर त्याच्याच वजनानं फुप्फुसं दबतात, आतडी थांबतात. म्हणजे उभं राहणं आलं. तीन पायांवर उभं राहिलं की भार चांगल्या पायावर येतो. खुराच्या आतला मऊ थर सुजतो, आणि खूर हाडापासून सुटायला लागतो. मोडलेल्या पायानं घोडा मरत नाही, हेमांगी. धडधाकट पायानं मरतो."

"मग हाड लगेच भार घेण्याइतकं मजबूत करता आलं तर?"

वाळिंबे हसले. "कर की. तुझ्यासमोर अख्खं आयुष्य आहे."

तिनं ते शब्दशः घेतलं. पदव्युत्तर शिक्षणाला सगळे हुशार विद्यार्थी गाई-म्हशींकडे नाहीतर शहरातल्या कुत्र्या-मांजरांकडे वळत होते, तेव्हा तिनं घोडा निवडला. तिच्या आईनं सांगून पाहिलं, की घोडे राहिलेत कुठे आता, लग्नाच्या वरातीत आणि श्रीमंतांच्या पागेत. हेमांगीनं लग्नही केलं नाही. पुण्याबाहेरच्या माळावरच्या अश्ववैद्यक संस्थेत ती व्याख्याता म्हणून लागली आणि तिथल्याच आवारातल्या दोन खोल्यांत राहिली. संशोधनाचे पहिले कितीतरी प्रयोग फसले. त्या काळात तिला झोपेत खुरांचे आवाज ऐकू येत.

दोन हजार अडतीस साली तिची अस्थिजाळी तयार झाली.

कल्पना सांगायला सोपी होती. मोडलेल्या हाडाचं त्रिमित चित्र घ्यायचं. हाडात असतात त्याच क्षारांची एक बारीक जाळी छापायची, त्या फटीत नेमकी बसेल अशी. जाळीच्या छिद्रांत त्याच घोड्याच्या अस्थिमज्जेतल्या पेशी पेरायच्या. आजवरच्या पट्ट्या आणि स्क्रू हाडाला बाहेरून धरून ठेवत. ही जाळी हाडाचाच भाग होई. ताण पडला की तिच्यातून सूक्ष्म विद्युतप्रवाह वाहे, आणि त्या प्रवाहानं पेशी झपाट्यानं हाड विणत. म्हणजे घोड्यानं पाय टेकणं, ज्याची आजवर भीती होती, तेच आता औषध झालं होतं.

पहिली रोगी होती रेवा नावाची करडी घोडी. भुलीतून जागं होताना घोडा घाबरून पाय झाडतो आणि नुकतं जोडलेलं हाड पुन्हा मोडून घेतो, म्हणून तिला कोमट पाण्याच्या हौदात, झोळीत तरंगत ठेवून जागं केलं. मग क्रेननं उचलून गवताच्या बिछान्यावर उतरवलं. चारही पाय टेकले. रेवानं मान हलवली, एक पाऊल टाकलं, आणि समोरच्या गव्हाणीत तोंड घातलं.

वाळिंब्यांना तेव्हा निवृत्त होऊन आठ-दहा वर्षं झाली होती. काठी टेकत ते आले होते. काचेला कपाळ टेकवून लहान मुलासारखे रडले. त्यानंतरच्या पावसाळ्यात ते गेले.

पुढचं सगळं भराभर झालं. हेमांगी प्राध्यापक झाली, विभागप्रमुख झाली. देशोदेशींची निमंत्रणं आली. जाळी छापणारी केंद्रं गावोगावी निघाली, आणि प्रत्येक केंद्रात एक निदानयंत्र बसलं. जखमी घोड्याची चित्रं, रक्त, नाडी घेऊन हे यंत्र आधीच्या हजारो घोड्यांशी ताडून पाहायचं आणि एक आकडा द्यायचं: हा घोडा जगण्याची शक्यता शंभरात किती. लोक त्याला तगण्याचा अंक म्हणू लागले. विमा कंपन्यांनी नियम केला, की अंक दहाच्या वर असेल तर उपचार झालेच पाहिजेत. कनाती धरणारी माणसं मैदानावरून नाहीशी झाली.

अभ्यासक्रमाची बैठक झाली तेव्हा अध्यक्षस्थानी हेमांगीच होती. एका सदस्यानं सुचवलं, की दयामरणाचं प्रात्यक्षिक आता काढून टाकावं. त्या तासांत जाळीचं जादा प्रशिक्षण बसेल. हेमांगीला क्षणभर ती तांबडी घोडी आठवली, आणि बरं वाटलं. "काढा," ती म्हणाली. "मुलांना ते पाहावं लागू नये, याचसाठी तर हा खटाटोप केला."

त्यानंतरच्या पहिल्याच तुकडीत शाहीन मुजावर होती.

शाहीन पाचगणीची. घरात तीन पिढ्या घोडी, पर्यटकांना पठारावर फिरवण्याची. हात इतका हलका, की बुजरं शिंगरूही तिच्या हाताखाली स्थिर उभं राही. हेमांगीला पोटची मुलगी नव्हती. आवारातल्या त्या दोन खोल्यांत ईदला शिरखुर्मा यायला लागला आणि दिवाळीला शाहीन फराळाला येऊन बसू लागली, तेव्हा ती उणीव तिला जाणवेनाशी झाली. डॉक्टरेट झाल्यावर शाहीनला खानदेशात, तापीकाठच्या केंद्राची प्रमुख नेमलं. एवढ्या लहान वयात केंद्र मिळालेली ती पहिलीच.

तिथून डिसेंबरातल्या एका सकाळी तिचा दृश्यफोन आला. घोडेबाजाराचे दिवस होते. मागे माणसांचा गलका ऐकू येत होता.

"मॅडम, जरा बघता का? शंखनाद नावाचा घोडा आहे. बाजारात उतरवताना ट्रकची फळी तुटली, उलटा पडला."

पडद्यावर हेमांगीला एक पांढराशुभ्र घोडा झोळीत टांगलेला दिसला. मागचे पाय पोत्यासारखे लोंबत होते. अंगावरून घामाच्या धारा लागल्या होत्या, नाकपुड्या फाकल्या होत्या, आणि वरचा ओठ दातांवरून मागे ओढला गेला होता. शेजारी डोक्याला पांढरा फेटा बांधलेले एक गृहस्थ घोड्याच्या मानेला धरून उभे होते.

"चित्रं दाखव," हेमांगी म्हणाली. चित्रं आली. कटीचं हाड चार ठिकाणी फुटलं होतं. मणका सरकला होता. पोटात रक्त होतं, आणि आतडं फुटल्याच्या खुणाही.

"शाहीन, त्याला जाऊ दे."

शाहीननं यंत्राकडे पाहिलं. मग म्हणाली, "अंक एकोणीस येतोय, मॅडम."

"अंक राहू दे. त्याच्याकडे बघ."

"बघतेय ना! पहाटेपासून तेच करतेय!" तिचा आवाज चिरकला. "शंभरातले एकोणीस जगतात. हा त्यातला नसेल कशावरून? मी आत्ता सुई दिली आणि तो जगणारा निघाला असता तर?"

फेट्यातले गृहस्थ, घोड्याचे मालक जयवंतराव निकुंभ, पडद्यासमोर आले. "डॉक्टरीणबाई, पोटच्या पोरासारखा वाढवला याला. तुमच्या जाळीवर लई भरवसा आहे आमचा. लागेल ते करा, पण मारायची भाषा करू नका."

"शाहीन, औषधाची मात्रा तुला माहीत आहे," हेमांगी म्हणाली.

"मात्रा पुस्तकात आहे, मॅडम. मी आजवर एकदाही…" तिनं मान वळवून घोड्याकडे पाहिलं. "कधी थांबायचं ते कसं कळतं? एवढं सांगा. काय दिसलं की थांबायचं?"

हेमांगीला ते दूरवरून सांगता येईना. "मी निघते," ती म्हणाली.

संस्थेची उडती टॅक्सी मिळवून, वाटेत वाऱ्यामुळे एकदा खाली उतरून, ती पोचेपर्यंत उन्हं कलली होती. शाहीननं तेवढ्यात एकदा पोट उघडून आतडं शिवलं होतं, दोन जाळ्या छापून ठेवल्या होत्या. वेदनाशामकं शेवटच्या मर्यादेपर्यंत देऊन झाली होती. शंखनाद आता घोड्यासारखा दिसत नव्हता. तो झोळीतच एका लयीत थरथरत होता, आणि दर श्वासाला घशातून एक आवाज येत होता. बाजारातली माणसं अंगणाच्या भिंतीपाशी थिजून उभी होती. यंत्राच्या पडद्यावर आकडा होता अकरा.

हेमांगीनं निकुंभांना बाजूला घेतलं. "हा जगला तर उभा राहणार नाही. उभा राहिला तर चालणार नाही. आणि तोवर हे असंच चालू राहील. मी सुई देते आहे. जबाबदारी माझी."

"अंक अकरा आहे," निकुंभ म्हणाले. ते रडत होते. "नियमानं तुम्हाला मारता येत नाही."

"येत नाही," हेमांगी म्हणाली, आणि तिनं सुई भरली.

शाहीन झोळीपाशी पाठमोरी उभी होती. आवाज थांबला तेव्हा ती खाली बसली.

नंतर अंगणातल्या नळावर हात धुताना हेमांगी म्हणाली, "तू जीव तोडून केलंस."

"मी त्याचे हाल केले," शाहीन म्हणाली. "दिवसभर. मला दिसत होतं, मॅडम. आंधळी नाहीये मी. पण दिसलेल्यावर विश्वास कसा ठेवायचा, हे मला कुणी शिकवलंच नाही. तुम्ही घोडा उभा करायला शिकवलंत. तेवढंच शिकवलंत."

नळ चालूच राहिला होता. तो शाहीननंच बंद केला आणि ती आत निघून गेली. त्या महिनाअखेरीस तिनं राजीनामा दिला आणि पाचगणीला परत गेली. फोन उचलणं बंद केलं.

निकुंभांनी तक्रार केली. चौकशी समिती बसली. हेमांगी त्या वेळी संस्थेची पुढची संचालक मानली जात होती, त्यामुळे बरेच जण तिला वाचवायला उत्सुक होते. आताच्या संचालकांनी तिला खोलीत बोलावून समजावलं, "घाईत अंक वाचण्यात चूक झाली, एवढं म्हणा. सगळं मिटेल."

"चूक अंक वाचण्यात नव्हती," हेमांगी म्हणाली.

ते तीन-चार महिने तिनं एकच काम केलं. निदानयंत्राला पुरवलेली सगळी माहिती, अगदी पहिल्या घोड्यापासून, तिनं तपासून काढली. त्यातून तिला जे दिसलं ते तिनं समितीपुढे सांगितलं.

"हे यंत्र शिकलं कशावरून, तर आपण उपचार केलेल्या घोड्यांवरून. कोण जगला, कोण मेला, एवढंच त्याला सांगितलं गेलं. जगलेला घोडा पुढे कसा जगला, हे कुणी सांगितलं नाही. वर्षभर झोळीत कण्हत राहिलेला घोडा यंत्राच्या लेखी यशस्वीच आहे. आणि जिथे एखाद्या जाणत्या डॉक्टरानं थांबायचं ठरवलं, तसे घोडे त्याच्यासमोर आलेच नाहीत. कारण आपण थांबणंच बंद केलं. आपण यंत्राला थांबायला शिकवलं नाही, आणि मग मुलांना सांगितलं, की यंत्र थांब म्हणेल तेव्हा थांबा."

"म्हणजे तुमची जाळी चुकीची आहे, असं म्हणायचंय तुम्हाला?" एका सदस्यानं विचारलं.

"जाळी चांगली आहे. ती माझ्या आयुष्याचं काम आहे. पण गेल्या वर्षी माझ्याकडे एक घोडी चौथ्यांदा पाय मोडून आली होती. तिला चौथ्यांदा जोडून मैदानावर पाठवलं मी. पूर्वी पाय मोडायचा तेव्हा निदान एकदाच मोडायचा."

समितीनं तिचा शस्त्रक्रियेचा परवाना तीन वर्षांसाठी काढून घेतला. संचालकपद दुसऱ्या कुणाला मिळालं. विभागप्रमुखपदही गेलं. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी ती साधी शिक्षिका झाली. शिकवायला मात्र कुणी बंदी केली नव्हती.

तिनं एक ऐच्छिक तास सुरू केला. त्याला गुण नव्हते, परीक्षा नव्हती. पहिल्या दिवशी चार विद्यार्थी आले. तिनं त्यांना पागेतल्या एका म्हाताऱ्या, संधिवातानं आखडलेल्या घोड्यापाशी नेलं आणि यंत्र न लावता बसायला सांगितलं. सकाळभर.

"काय बघायचं, मॅडम?" एकानं विचारलं.

"तो कुठला पाय आधी उचलतो. माशी बसली की हाकलतो का, की आता तेवढाही उत्साह राहिलेला नाही. दुसरा घोडा आला की मान वळवतो का. आणि दुपारी मला सांगा, याचा आजचा दिवस त्याला हवाहवासा होता, की नुसता सोसायचा होता."

दुपारी चौघांची चार उत्तरं आली. तिनं कुणालाच बरोबर म्हटलं नाही. ज्या घोड्यांना खरोखर निरोप द्यायची वेळ येई, तिथे ती मुलांना घेऊन जाई. सुई दुसरा डॉक्टर देई, आणि मुलांनी नंतर मालकाबरोबर बसायचं, असा तिचा नियम होता. एक मुलगा तिसऱ्याच आठवड्याला सोडून गेला. पण पुढच्या सत्रात बाकं भरली.

त्याच सत्रात एका सकाळी शेवटच्या बाकावर शाहीन बसलेली दिसली. हेमांगीनं तिच्याकडे पाहिलं आणि तास पुढे चालू ठेवला. शाहीन दर आठवड्याला बसनं येत राहिली. बोलणं मात्र जेमतेम, कामापुरतं. सत्र संपताना ती म्हणाली, "पाचगणीत दवाखाना काढतेय, मॅडम. छोटासाच. सेकंडहँड छपाईयंत्र घेतलंय."

"यंत्र नीट तपासून घे," हेमांगी म्हणाली, आणि तिला बसपर्यंत सोडायला गेली.

वर्षभरानं शाहीननं तिला चार दिवस राहायला बोलावलं. तिथेच, दुसऱ्या दिवशी दुपारी, दोन माणसं धावत आली. मैना नावाची एक घोडी पठाराच्या कडेवरून खालच्या झुडपांत कोसळली होती.

दोघी दोर धरून उतरल्या. मैना बारकीशी, लाल मातीनं माखलेली, कुशीवर पडली होती. पुढचा एक पाय मोडला होता, मागच्या पायाचं नळीचं हाड कातडीबाहेर आलं होतं, बरगड्याही गेल्या होत्या. तिचं शिंगरू वर कड्यावर उभं राहून खिंकाळत होतं. शाहीननं हातातलं छोटं यंत्र लावलं. अंक आला सात.

दहाच्या आत. नियम आड येत नव्हता. हेमांगीनं मैनाचा श्वास पाहिला, हिरड्यांचा रंग पाहिला, बाहेर आलेलं हाड पाहिलं. तिच्या मनात शंका उरली नाही. ती गप्प राहिली. परवाना नव्हता, आणि रोगी तिचा नव्हता.

शाहीन घोडीच्या डोक्याशी गुडघे टेकून बसली. कितीतरी वेळ तिनं काहीच केलं नाही. मालक वरून ओरडून विचारत होता. तिनं त्याला हातानंच थांब म्हणून सांगितलं. मग ती उठली.

"मॅडम, हिला वर घ्यायचंय. जाळी टाकायची."

हेमांगीनं तिच्याकडे पाहिलं. "सात आहे."

"माहीत आहे."

"दोन पाय, शाहीन."

"माहीत आहे. वरून शिंगरू ओरडलं की ही उठायचा प्रयत्न करते. दर वेळी. घाबरून नाही, जागा बघून, पाय जुळवून करते. शंखनाद तसा नव्हता. तो कुठेच बघत नव्हता." ती थांबली. "मला तीन दिवस द्यायचेत हिला. तीन दिवसांत बघणं सुटलं, तर मी स्वतः सुई देईन. तेव्हा अंक कितीही असो."

हेमांगीनं आयुष्यात असंख्य घोडे पाहिले होते, आणि तिच्या मते हा निर्णय चुकीचा होता. "झोळी कुठं बांधू?" तिनं विचारलं.

रात्रभर ती शाहीनच्या हाताखाली मदतनीस म्हणून राबली. हत्यारं दिली, सलाइन धरलं, सांगितलं तेव्हाच बोलली. दुसऱ्या दिवशी मैनाला ताप चढला. तिसऱ्या दिवशी तिनं चारा सोडला, आणि शाहीननं सुई भरून खिडकीत ठेवली. मग शिंगराला आत आणलं. मैनानं मान वळवली, त्याला हुंगलं, आणि चाटायला लागली. शाहीन दारातच बसून राहिली. संध्याकाळी तिनं सुई मोरीत रिकामी केली.

मैना जगली. मागच्या पायानं कायमची लंगडी झाली. पर्यटकांना घेऊन ती पुन्हा कधी चालली नाही. हेमांगी पावसाळ्यानंतर पाचगणीला गेली तेव्हा ती दवाखान्यामागच्या उतारावर शिंगराबरोबर चरत होती.

"माझ्या हाताखाली ही त्याच दुपारी गेली असती," हेमांगी म्हणाली.

"माहीत आहे मला. तुमच्या तोंडावर दिसत होतं," शाहीन म्हणाली.

"मग विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं, तर मी तुमचं ऐकलं असतं."

हेमांगी उताराकडून तिच्याकडे वळली. "पुढच्या सत्रात तो तास तू घे," ती म्हणाली. "मी मागे बसेन."

"आणि मी चुकीचं काही शिकवलं तर?"

"तर मी हात वर करीन," हेमांगी म्हणाली. "आणि तू मला गप्प बसवायचं."

शाहीन कितीतरी महिन्यांनी मोकळी हसली, आणि चहा टाकायला आत गेली.